इंकस्केप (डिझाइनचं सॉफ्टवेअर) सोर्स कोडमधून बिल्ड होईना, लिनक्स मिंट २१ आणि ८ जीबी रॅम, कोणी केलंय का?

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. अमळनेरला आमचं पत्रिका आणि फ्लेक्सचं दुकान आहे, मी सध्या बीसीए करतोय. आपल्याकडं बऱ्याच दुकानांत अजून जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टवर काम चालतं, एकाची फाईल दुसऱ्याकडे उघडली की सगळी गिचमिड, नवरीचं नावसुद्धा वाचता येत नाही. म्हणून मी इंकस्केप आणि युनिकोड सुरू केलं, आणि आता त्यातला देवनागरी मजकूर हाताळणारा कोड नीट समजून घ्यायचाय, जमलं तर हातभार लावायचाय. पण बिल्डच होईना. नेट मधेच तुटतं म्हणून गिटलॅबवरून झिप उतरवली, सीमेक (बिल्डची तयारी करणारं टूल) चालवलं तर टू-जिओम या लायब्ररीचं फोल्डर रिकामं म्हणतं, ते वेगळं आणून टाकलं तर आता जीटीकेएमएम ४ वर (विंडो, बटणं दाखवणाऱ्या जीटीके लायब्ररीचं सी प्लस प्लस रूप) अडतंय. आय थ्री, ४ थ्रेड, ८ जीबी रॅम. नवीन ओएस टाकू का? त्याच मशीनवर दुकानाचं काम चालतं म्हणून हात लावायला भीती वाटते.

भुसावळ_यार्ड
ओएस अजिबात बदलू नको भो. आणि झिप सोडून दे, झिपमध्ये सबमॉड्यूल (आत जोडलेले वेगळे प्रोजेक्ट) येतच नाहीत, टू-जिओम सबमॉड्यूल आहे म्हणून ते फोल्डर रिकामं. गिट क्लोनच कर, रिकर्स-सबमॉड्यूल्स लावून. नेट तुटलं की क्लोन पहिल्यापासून सुरू होतं हे खरंय, त्यासाठी डेप्थ १ दे, म्हणजे फक्त शेवटचा कमिट (कोडची सगळ्यात नवी अवस्था) येतो आणि डाउनलोड खूप कमी होतं, जुना इतिहास लागला तर नंतर फेच करताना अनशॅलो म्हणायचं.

जीटीकेचं असं आहे की मास्टर ब्रांच (मुख्य चालू कोड) आता जीटीके ४ वर गेलीय आणि १.४ ची मालिका जीटीके ३ वर आहे. मिंट २१ च्या खाली उबुंटू २२.०४ आहे, तिथली पॅकेजं जुनी. कोड वाचून समजून घ्यायचा असेल तर १.४.एक्स ब्रांच घे. सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये जाऊन सोर्स कोड रिपॉझिटरी चालू कर आणि ॲप्टचं बिल्ड-डेप इंकस्केपसाठी चालव, बहुतेक लायब्रऱ्या एकदम येतील, एखादी राहिली तर सीमेक तिचं नाव सांगतं.

बदल पाठवायची वेळ आली की मास्टर लागेल. तेव्हा डिस्ट्रोबॉक्स (आपल्या लिनक्सच्या आत दुसरं लिनक्स चालवणारं टूल) टाक, त्यात नव्या फेडोराचा किंवा उबुंटूचा कंटेनर बनव आणि सगळं डेव्हलपमेंट तिथंच कर. होम फोल्डर तेच दिसतं, विंडोही नेहमीसारखी उघडते, पण लायब्रऱ्या कंटेनरमध्येच राहतात. कुठलेतरी पीपीए (बाहेरचे पॅकेज स्रोत) शोधून मूळ सिस्टीमवर जीटीके चढवायला जाऊ नको, दुकानाचं मशीन त्यानंच बिघडतं.

बोरीकाठ
दादा खूप आभार, १.४.एक्सवर सीमेक पूर्ण झालं! पण निंजा (प्रत्यक्ष बिल्ड चालवणारं टूल) चालू केलं की मशीन गोठतं, माउससुद्धा हलत नाही, आणि शेवटी किल्ड, सीसी१प्लस असं काहीतरी येऊन बंद पडतं. हे कोडमधलं एरर आहे का?

तोरणमाळची_ताई
कोडमध्ये काही नाही रे, रॅम संपतेय आणि कर्नल कंपायलरला मारतंय. निंजाला काही सांगितलं नाही तर तो थ्रेडपेक्षा दोन जास्त कामं एकदम काढतो, म्हणजे तुझ्याकडे ६, आणि सी प्लस प्लसची मोठी फाईल एकटीच भरपूर रॅम खाते. निंजाला जे २ दे (एका वेळी दोनच कामं), ब्राउझर बंद ठेव, ८ जीबीची स्वॅप फाईल (रॅम संपली की वापरायची डिस्कवरची जागा) करून ठेव. सीकॅश (आधी कंपाइल झालेलं जपून ठेवणारं टूल) पण आत्ताच लाव, सीमेकला कंपायलर लाँचर म्हणून द्यायचं. पहिल्या बिल्डला त्याचा काही फायदा दिसणार नाही पण पुढं ब्रांच बदलून परत आलास की तासांचं काम मिनिटांवर येतं, कमी ताकदीच्या मशीनवर तर हे पाहिजेच.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ च्या आसपास पारा असतो, दुपारी बिल्ड लावलं की प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो. पहाटे लाव. मधेच लाईट गेली तरी झालेलं काम वाया जात नाही, परत निंजा म्हटलं की राहिलेल्या फाईलीच घेतो. फक्त अचानक बंद पडलं तर एखादी ओ फाईल (कंपाइल झालेला तुकडा) अर्धवट लिहिलेली राहते आणि लिंकिंगला, म्हणजे तुकडे जोडताना, ट्रंकेटेड असं एरर येतं, तेवढी फाईल डिलीट कर आणि पुन्हा चालव, अख्खं बिल्ड फोल्डर उडवू नको.

भुसावळ_यार्ड
ताईंनी बरोबर सांगितलं. अजून एक, इन्स्टॉल प्रीफिक्स (इन्स्टॉल कुठं व्हायचं ती जागा) बिल्ड फोल्डरच्या आतच दे, सुडो लावून इन्स्टॉल करायचंच नाही. आणि चालवताना इंकस्केप-प्रोफाइल-डिर हे व्हेरिएबल वेगळ्या फोल्डरकडे वळव, नाहीतर दोन्ही व्हर्जन एकच सेटिंग्ज वापरतात. लग्नसराईत दुकानाचं इंकस्केप आहे तसं राहिलं पाहिजे.

बोरीकाठ
जे २ ने झालं!! स्वतः बिल्ड केलेलं इंकस्केप उघडलं, घरच्यांना बोलावून दाखवलं. आता टेक्स्टचा कोड कुठं शोधू?

तोरणमाळची_ताई
वा, मस्त! एसआरसीमध्ये लिबएनआरटाइप फोल्डर आहे, फॉन्ट आणि मजकुराची मांडणी तिथं. टायपिंग, कर्सर, सिलेक्शन हे यूआय, टूल्समधल्या टेक्स्ट-टूल फाईलीत. पण देवनागरीत काही चुकीचं दिसलं तर लगेच या कोडमध्ये शिरू नको. जोडाक्षरं इंकस्केप स्वतः जुळवत नाही, ते काम पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीकडून हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीकडे जातं. तोच शब्द तोच फॉन्ट घेऊन एचबी-व्ह्यूमध्ये (हार्फबझचं छोटं टूल) काढून बघ. तिथंही चुकलं तर दोष फॉन्टचा किंवा हार्फबझचा, मग बग तिकडं नोंदवायचा. तिथं बरोबर आणि इंकस्केपमध्ये चूक असेल तरच लिबएनआरटाइप उघड. पत्रिकेत नेहमी येणारे श्री, र्‍य, ट्ट, द्ध अशी जोडाक्षरं असलेले शब्द एका एसव्हीजी फाईलीत भरून ठेव, प्रत्येक बदलानंतर तीच फाईल उघडून बघायची. तयार झाली की इथं टाक, मला पण लागेल.