विश्वासणाऱ्यांची मंडळी एकच असेल, तर ती डोळ्यांना दिसायला नको का?

पायवाट (धाग्याची सुरुवात)

इ.स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी ज्याचे नाव जोडले जाते, त्या मतांगीकारात, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, मंडळीची (चर्चची) चार लक्षणे सांगितली आहेत: ती एक, पवित्र, सार्वत्रिक आणि प्रेषितीय आहे. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथरन हे सारे आपापल्या उपासनेत हे शब्द उच्चारतात, आणि उपासना संपली की त्यांपैकी अनेकांना एकमेकांच्या प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीच्या, मेजावरची भाकर घेता येत नाही. या विसंगतीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की ती विसंगती आहे हेच आपण विसरलो आहोत.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे की खरी मंडळी अदृश्य आहे, खरे विश्वासणारे कोण हे केवळ देव जाणतो आणि त्या पातळीवर आपण सारे एकच आहोत. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट मंडळ्या रोमपासून वेगळ्या झाल्या, त्या धर्मसुधारणेच्या काळात या विचाराला मोठा अर्थ होता, कारण सत्तेने ज्यांना मंडळीबाहेर काढले होते त्यांना आपण देवाच्या घराबाहेर नाही असा धीर त्याने दिला. पण आज तोच विचार फूट सुसह्य करणाऱ्या उशीसारखा वापरला जातो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशू आपल्या अनुयायांच्या ऐक्यासाठी प्रार्थना करतो आणि त्याचे कारणही सांगतो: जगाने विश्वास धरावा. जे ऐक्य जगाला दिसतच नाही, त्याने जगाचा विश्वास कसा बसणार?

मला एक मुख्यालय किंवा सर्वत्र एकच उपासनाविधी नको आहे. १९४८ साली ॲमस्टरडॅम येथे १४७ मंडळ्यांनी जागतिक मंडळी परिषद स्थापन केली आणि दोनच वर्षांनी टोरांटो येथे तिने स्पष्ट केले की ही परिषद म्हणजे कोणतीही ‘महामंडळी’ नव्हे. ते योग्यच होते. माझी अपेक्षा इतकीच आहे की एकाचा बाप्तिस्मा दुसऱ्याने मान्य करावा, एकाच्या मेजावर दुसऱ्याला जागा असावी आणि एकाच्या पाळकाची दीक्षा (पदावरची विधिवत नेमणूक) दुसऱ्याला खोटी वाटू नये.

साधा सभासद

आपली कळकळ समजते, पण ‘दिसणारे ऐक्य’ इतिहासात जेव्हा जेव्हा दिसले, तेव्हा त्याच्या हातात काय होते हेही पाहावे लागेल. कॉन्स्टन्सच्या परिषदेने एकाच वेळी तीन जण पोपपदावर हक्क सांगत असल्याचा घोळ मिटवला आणि १४१७ मध्ये एकच पोप निवडून पश्चिमेची मंडळी पुन्हा एक केली. त्याच परिषदेने १४१५ मध्ये बोहेमियातील सुधारक यान हुसला पाखंडी ठरवले आणि त्याला जिवंत जाळण्यात आले. सुरक्षित प्रवासाचे अभयपत्र त्याच्याजवळ होते, तरीही. म्हणजे ऐक्य साधणे आणि न जुळणाऱ्याला संपवणे ही दोन्ही कामे एकाच सभेने केली. हा दोष फक्त रोमचा नव्हता. १५२७ मध्ये झुरिकच्या धर्मसुधारकांच्या राजवटीत फेलिक्स मान्झला नदीत बुडवून मारले, कारण प्रौढ विश्वासणाऱ्यांना तो पुन्हा बाप्तिस्मा देत असे.

मी ज्या परंपरेत वाढलो तिची मुळे अशाच बहिष्कृत लोकांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे स्थानिक मंडळी हीच पूर्ण मंडळी आहे, तिच्यावर दुसऱ्या कुणाचा अधिकार नको, हा आमचा आग्रह हट्ट नसून अनुभव आहे. दोघे किंवा तिघे जमले तिथे ख्रिस्त आहे, असे वचन आहे. दोन-तीन कोटी जमले तिथे तो अधिक आहे, असे कुठेही म्हटलेले नाही.

जुनी घंटा

मी कॅथलिक आहे आणि धागाकर्त्यांनी क्रम उलटा लावला आहे असे मला वाटते. ऐक्य ही आपण वाटाघाटी करून बनवायची वस्तू नाही; ते ख्रिस्ताने दिलेले आहे आणि जपायचे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये सांगितले की ख्रिस्ताची एकमेव मंडळी कॅथलिक मंडळीत टिकून आहे, पण तिच्या चौकटीबाहेरही पवित्रतेचे आणि सत्याचे अनेक घटक आहेत, आणि योग्य रीतीने बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण अपूर्ण का होईना, पण खऱ्या सहभागितेत (मंडळीच्या एकत्र बंधात) आहे. त्यामुळे आपली पहिली अपेक्षा, म्हणजे बाप्तिस्म्याची, आमच्याकडे बव्हंशी पूर्ण झालेलीच आहे.

मेजाचे तसे नाही. १५२९ मध्ये मारबुर्ग येथे जर्मन सुधारक लूथर आणि झुरिकचा सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. पंधरा कलमांपैकी चौदांवर त्यांचे एकमत झाले आणि पंधराव्यावर, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसात ख्रिस्त कसा उपस्थित आहे या प्रश्नावर, सारे अडले. लूथरने ‘हे माझे शरीर आहे’ हे शब्द मेजावर खडूने लिहून ठेवले होते असे सांगतात. मला तो माणूस त्या क्षणी फार प्रामाणिक वाटतो. मेजावर काय आहे याविषयीच मतभेद असताना एकत्र बसून खाणे हे ऐक्य नव्हे, ते ऐक्याचे नाटक होईल. मेज हा शेवट आहे, सुरुवात नव्हे.

पूर्वद्वार

सिद्धांत जुळले की मेज आपोआप एक होते, हे मात्र खरे नाही. आम्हा ऑर्थोडॉक्सांचेच पाहा: मॉस्को आणि कॉन्स्टँटिनोपल या आमच्या दोन प्रमुख पीठांच्या श्रद्धेत एका अक्षराचाही फरक नाही, तरी २०१८ मध्ये युक्रेनमधील मंडळीच्या स्वायत्ततेवरून मॉस्कोने सहभागिता तोडली. आणि वरून लादलेला करार टिकत नाही हेही आम्ही पाहिले आहे. १४३९ मध्ये फ्लॉरेन्स येथे पूर्व आणि पश्चिम एक झाल्याच्या कागदावर सह्या झाल्या, कारण कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाला तुर्कांविरुद्ध मदत हवी होती. एफेससचा ऑर्थोडॉक्स बिशप मार्क याने सही नाकारली आणि परतल्यावर लोकांनी त्याचीच बाजू घेतली. १९६५ मध्ये पोप आणि कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क (प्रमुख धर्मगुरू) यांनी १०५४ चे परस्परांवरील बहिष्कार मागे घेतले. मेजे मात्र अजून दोन आहेत.

पायवाट

साधा सभासद यांच्या दोन्ही उदाहरणांत शिक्षेची अंमलबजावणी नागरी सत्तेने केली, हे लक्षात घ्यावे. सत्तेविना घडलेल्या ऐक्याचे उदाहरण हवे असेल तर १९४७ मधील दक्षिण भारताच्या मंडळीकडे पाहावे. अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरांना एकत्र यायला १९१९ पासून २८ वर्षे लागली. गाठ पाळकांच्या दीक्षेवर होती. शेवटी ठरले ते असे की आधीच दीक्षा घेतलेल्या कुणालाही पुन्हा दीक्षा द्यायची नाही, मात्र पुढील सर्व दीक्षा बिशपच्या हातूनच होतील. ज्यांना हे पटले नाही अशा अँग्लिकनांमुळे या मंडळीला अँग्लिकन जगाच्या पूर्ण सहभागितेपासून बरीच वर्षे दूर राहावे लागले, ही किंमतही तिने मोजली. १९७० मधील उत्तर भारताच्या मंडळीत तर बाप्टिस्टही आले आणि बालबाप्तिस्मा व प्रौढ बाप्तिस्मा या दोन्ही पद्धतींना जागा दिली गेली.

जुनी घंटा यांना एक प्रश्न. माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, या ज्या मुद्द्यावरून सोळाव्या शतकात पश्चिमेची मंडळी फुटली, त्यावर १९९९ मध्ये आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि लुथरन यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या आणि २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. मूळ भांडण मिटल्यावरही मेज बंद का?

जुनी घंटा

कारण आता प्रश्न नीतिमान ठरण्याचा नसून अधिकाराचा आहे: दीक्षा कोणी द्यावी, कोणाला द्यावी आणि अंतिम निर्णय कोणाचा. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ मध्ये इतर मंडळ्यांना जाहीर विनंती केली होती की पोपपदाचा वापर सर्वांना स्वीकारता येईल असा कसा करता येईल, याचा विचार त्यांनी आमच्याबरोबर करावा. पण समजा हे सुटले, तरी ज्या मंडळ्यांत स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते त्यांचे काय? ती दीक्षा आम्ही मान्य करू शकत नाही आणि ती मागे घ्या असे त्यांना सांगण्याचा अधिकारही आम्हाला नाही. १९४७ ची युक्ती इथे चालणार नाही, कारण तो ‘पुढच्या पिढीपासून’ म्हणून सोडवता येणारा भेद नाही.

साधा सभासद

बाप्तिस्म्याबाबत दोन्ही पद्धती एका छपराखाली नांदल्या हे मला माहीत होते, पण त्याचा अर्थ मी आजवर तडजोड असाच लावत आलो. त्या शब्दाचा मी फेरविचार करीन. आमच्या मंडळीत अलीकडेच एका वृद्ध बाईंनी सभासदत्व मागितले. लहानपणी त्यांच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा झाला होता, म्हणून नियमाप्रमाणे आम्ही त्यांना पाण्यात उतरून बाप्तिस्मा घ्यायला सांगितले. आमच्या दृष्टीने तो पहिलाच. त्यांनी शांतपणे विचारले की मग गेली साठ वर्षे त्या ज्या मेजावर भाकर घेत होत्या, तिथे त्या कोण म्हणून बसल्या होत्या. त्यांना आहे तसे सामावून घ्यावे की नाही, यावर मंडळीच्या वडिलांच्या दोन बैठका झाल्या आहेत आणि तिसरी पुढच्या आठवड्यात आहे. पहिल्या दोन्ही वेळा मी नियमाच्या बाजूने मत दिले होते.