छोट्या आर. सी. हेलिकॉप्टरला ब्रशलेस मोटर बसवताना केव्ही किती घ्यावे आणि सिग्नल कसा द्यावा?

पंचवटीकर

नमस्कार. माझ्याकडे रिमोटवर उडणारे एक छोटे, फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) प्रकारचे हेलिकॉप्टर आहे. मुख्य रोटरसाठी ३७० आकाराची ब्रशची मोटर, शेपटीला स्वतंत्र छोटी मोटर, दोन सेलची ७.४ व्होल्ट, १००० एमएएच, २०सी लिपो बॅटरी आणि रिसीव्हर, जायरो (शेपूट स्थिर राखणारा), मिक्सर व दोन्ही मोटरांचे कंट्रोलर एकत्र असलेले फोर-इन-वन बोर्ड, अशी त्याची रचना आहे. मुख्य मोटरचा कम्युटेटर काळा पडून त्यावर खाचा पडल्या आहेत, ब्रश जवळजवळ संपले आहेत आणि अर्धी बॅटरी वापरून होण्याआधीच मोटर हात लावू नये इतकी तापते. पुन्हा तशीच मोटर आणली तर काही महिन्यांनी हीच वेळ येणार, म्हणून ब्रशलेस मोटर बसवण्याचा विचार आहे.

एका दुकानदाराने विमानांसाठी वापरली जाणारी २२१२ आकाराची, २२०० केव्हीची (म्हणजे भाराविना दर व्होल्टमागे मिनिटाला २२०० फेरे घेणारी) मोटर आणि तिच्यासोबत ३० अँपिअरचा ई.एस.सी. (मोटरचा वेग ठरवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) सुचवला आहे. ही जोडी चालेल का, आणि जुन्या मोटरच्या दोन तारा काढून तेथे हा ई.एस.सी. थेट जोडता येईल का, हे मला समजून घ्यायचे आहे. सोल्डरिंग येते, मल्टिमीटर आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सातपूरकर

मोटर विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी मोजा, कारण त्या कळल्याशिवाय केव्हीबद्दल कोणी काहीही सांगितले तरी तो अंदाजच ठरेल. पहिली गोष्ट म्हणजे मुख्य गिअर आणि पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) यांचे दाते, तसेच मुख्य गिअरचा बाहेरचा व्यास. या व्यासाला दात्यांची संख्या अधिक दोन याने भागले की गिअरचे मोड्यूल, म्हणजे दात्यांचे माप, मिळते, आणि नवीन पिनियन त्याच मोड्यूलची असली पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे हॉवर करताना (हवेत एका जागी तरंगताना) रोटर मिनिटाला किती फेरे घेतो. उडत्या हेलिकॉप्टरवर टॅकोमीटर धरणे अवघड आणि धोक्याचेही आहे, म्हणून कानाचा उपयोग करा. मोबाइलवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारे एखादे ॲप घ्या आणि कोणाला तरी सुरक्षित अंतरावर उभे करून हॉवरचा आवाज टिपायला सांगा. गिअरची जी बारीक, सलग शीळ ऐकू येते ती दात्याला दाता लागण्याची असते. तिच्या वारंवारितेला मुख्य गिअरच्या दात्यांनी भागले की रोटरचे सेकंदाचे फेरे मिळतात. जुनी मोटर पूर्ण बंद पडण्याआधी हे मोजून ठेवा, नंतर ही संधी मिळणार नाही.

इंदिरानगर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: मोटरच्या तारांच्या जागी ई.एस.सी. थेट जोडता येणार नाही. ब्रशच्या मोटरला तुमचे बोर्ड जे देते ती बॅटरीचीच वीज असते, फक्त सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद केलेली, आणि त्यातला चालू काळ जितका जास्त तितका वेग जास्त. ब्रशलेसच्या ई.एस.सी.ला मात्र सर्व्होला लागतो तसा, १ ते २ मिलिसेकंद रुंदीचा ठोका हवा असतो. १ मिलिसेकंद म्हणजे मोटर थांबलेली आणि २ म्हणजे पूर्ण वेग. त्यामुळे मध्ये एक छोटा भाषांतरकार बसवावा लागतो. असे कन्व्हर्टर तयार मिळतात, पण आर्डुइनो नॅनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावरही ते काम होते आणि त्याचा प्रोग्रॅम पानभरही होत नाही.

सिग्नल कोठून उचलायचा, याकडे विशेष लक्ष द्या. अशा बोर्डांवर मोटरची धन तार बहुधा सतत बॅटरीला जोडलेली असते आणि मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) ऋण बाजू चालू-बंद करतो. मोटर काढून त्या ऋण टोकावरून सिग्नल घेतला तर तो उलटा मिळेल, म्हणजे स्टिक खाली असताना पूर्ण वेग, आणि शिवाय तेथे बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज येऊ शकतो. म्हणून मॉस्फेटच्या गेटवरून, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकावरून, सिग्नल घ्या. तेथे मायक्रोकंट्रोलरकडून आलेला ३.३ किंवा ५ व्होल्टचा सरळ सिग्नल असतो. कोणता ते आधी मोजून पाहा, म्हणजे नॅनोला तो पुरेल की नाही हे कळेल.

प्रोग्रॅममध्ये एक फट हमखास राहते. नॅनो ठोक्यांची रुंदी कडांवरून मोजतो, पण स्टिक अगदी खाली किंवा अगदी वर असताना कडाच नसतात आणि मोजणी शून्य परत देते. अशा वेळी पिन वर आहे की खाली हे वाचून, खाली असेल तर थांबा आणि वर असेल तर पूर्ण वेग, असे लिहावे लागते. हे राहिले तर पूर्ण थ्रॉटल देताच मोटर हवेत बंद पडेल. त्याच पिनवरून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर लावा, म्हणजे तार तुटली तर पिन खाली राहील आणि मोटर थांबेल.

ई.एस.सी.च्या तीन तारांपैकी लाल तार वेगळी करून तिच्यावर इन्सुलेशन चढवा. तुमचे बोर्ड सर्व्होंसाठी ५ व्होल्ट स्वतःच तयार करते आणि दोन रेग्युलेटर समांतर जोडणे योग्य नाही. नॅनोलाही बोर्डावरूनच ५ व्होल्ट द्या. काळी तार मात्र जोडलीच पाहिजे, कारण सामाईक ग्राउंडशिवाय सिग्नलला अर्थ राहत नाही.

पंचवटीकर

दोघांचेही मनापासून आभार. मोजमापे घेतली. मुख्य गिअरचे ८० दाते, पिनियनचे १०, गिअरचा बाहेरचा व्यास ४१ मि.मी. आणि शिळेची सर्वांत ठळक रेघ २५६० हर्ट्झच्या आसपास. हॉवरला थ्रॉटल अर्ध्याच्या बराच वर लागतो. दुकानदाराच्या मोटरचा शाफ्ट ३.१७ मि.मी. आहे आणि माझ्या पिनियनचे भोक त्याहून लहान आहे. सातपूरला लेथवर ते मोठे करून मिळेल का?

सातपूरकर

४१ भागिले ८२ म्हणजे मोड्यूल ०.५. या मोड्यूलच्या दहा दात्यांच्या पिनियनचा दात्यांच्या मुळाशी व्यास साधारण ३.७५ मि.मी. असतो. त्यात ३.१७ चे भोक पाडले तर दोन्ही बाजूंना ०.३ मि.मी.पेक्षाही कमी धातू उरेल. सातपूर-अंबडला चांगले टर्नर पुष्कळ आहेत आणि ते भोक पाडूनही देतील, पण पिनियन शाफ्टवर पकडणारा ग्रब स्क्रू आवळायला किंवा दाब सहन करायला त्यात काही शिल्लक राहणार नाही. हे काम करून घेऊ नका.

आता वेगाकडे येऊ. २५६० भागिले ८० म्हणजे सेकंदाला ३२ फेरे, अर्थात हॉवरला मिनिटाला १९२० फेरे. हे फिक्स्ड पिचचे यंत्र आहे, त्यामुळे वर चढण्यासाठी फेरे वाढवणे हाच त्याच्यापुढचा एकमेव मार्ग आहे, आणि तो मोकळा राहावा म्हणून पूर्ण थ्रॉटलला २४०० फेरे मिळाले पाहिजेत असे मी धरतो. उचल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पंचवीस टक्के जादा फेऱ्यांना दीडपटीहून थोडी अधिक उचल मिळेल. गिअरचे प्रमाण आठास एक असल्याने मोटरला १९,२०० फेरे द्यावे लागतील. मोटरवर छापलेला केव्हीचा आकडा भाराविना असतो. भाराखाली त्याचे ८० टक्के धरले तर ७.४ व्होल्टला ३,२०० ते ३,३०० केव्ही लागते.

२२०० केव्हीच्या मोटरला याच गिअरवर पूर्ण थ्रॉटल देऊनही रोटरचे १,६३० च्या आसपासच फेरे मिळतील आणि हेलिकॉप्टर जमीन सोडणार नाही. बारा दात्यांची पिनियन घातली तर १,९५० पर्यंत पोहोचेल, पण ते हॉवरलाच संपते, वर काही उरत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील हवा पाच-सहा टक्के विरळ असते आणि उन्हाळ्यात आणखी विरळ होते. तुमचे मोजमाप येथेच घेतलेले असल्याने त्यात हे आलेलेच आहे, परंतु किनाऱ्यावरच्या एखाद्या मित्राच्या मोटरचे आकडे उचलून वापरू नका.

म्हणून छोट्या हेलिकॉप्टरसाठीच बनवलेली, २ किंवा २.३ मि.मी. शाफ्टची, ३,२०० केव्हीच्या जवळपासची मोटर शोधा. तुमच्या पिनियनचे भोक मोजून तोच शाफ्ट घेतलात तर पिनियन बदलण्याचीही गरज नाही. लेथवाल्याकडून करून घ्यायचीच असेल तर मोटर बसवण्याची पट्टी करून घ्या: २ मि.मी. ॲल्युमिनियमची, आणि स्क्रूची भोके गोल न ठेवता लांबट, म्हणजे पिनियन पुढे-मागे सरकवता येईल. मोटर आउटरनर असेल तर तिची बाहेरची वाटीच फिरते. ती फ्रेमला किंवा तारांना कोठेही घासू नये इतकी जागा आधी तपासा. गिअर जुळवताना वहीच्या कागदाची पट्टी दात्यांमध्ये घालून स्क्रू आवळा आणि मग पट्टी ओढून काढा. पट्टीवर दात्यांच्या घड्या दिसाव्यात, पण ती फाटलेली नसावी.

देवळालीकर

वरील गणित पटले. मला शेपटीविषयी लिहायचे आहे, कारण मोटर बदलल्यानंतर लोक अडतात ते तेथे. रोटरचा हॉवरचा वेग जुनाच ठेवला तर शेपटीवरचा हॉवरमधला भारही जवळपास जुनाच राहतो, हा सातपूरकरांच्या हिशेबाचा मोठा फायदा आहे. परंतु ब्रशलेस मोटर थ्रॉटलला फार चटकन प्रतिसाद देते आणि शेपटीची छोटी ब्रशची मोटर तितकी चपळ नसते. स्टिक एकदम वर नेली की नाक झटक्याने वळते. तुमच्या बोर्डावर प्रपोर्शन आणि गेन असे दोन छोटे स्क्रू असतील तर आधी प्रपोर्शन बदलून थ्रॉटलच्या बरोबरीने शेपटीला किती जोर मिळतो ते जुळवा. गेनला (जायरो किती जोराने प्रतिसाद देतो त्याला) त्यानंतरच हात लावा. गेन जास्त झाला तर शेपूट डावी-उजवीकडे भराभर थरथरू लागते.

ई.एस.सी.च्या सेटिंगमध्ये ब्रेक बंद ठेवा, नाहीतर थ्रॉटल खाली आणताच नायलॉनच्या गिअरचे दाते उडतील. सॉफ्ट स्टार्ट (मोटर हळूहळू वेग घेणे) चालू ठेवा. गव्हर्नर मोड मात्र वापरू नका. तो फेरे एकसारखे राखण्यासाठी असतो आणि तुमचे यंत्र तर फेरे कमी-जास्त करूनच वर-खाली जाते. बॅटरीच्या आकड्यांप्रमाणे (१ अँपिअर-तास गुणिले २०सी) ती जास्तीत जास्त २० अँपिअर देईल, म्हणून २० अँपिअरचा हलका ई.एस.सी. पुरेसा आहे. ३० चा घेतला तर वजनाशिवाय पदरात काही पडणार नाही.

उडवण्याच्या जागेबद्दलही लिहितो. गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टरांचे प्रशिक्षण चालते, देवळालीला तोफखाना आहे आणि ओझरला विमानतळ. ड्रोन नियम, २०२१ मध्ये छंदासाठी उडवायच्या मॉडेलचाही समावेश होतो, त्यामुळे मैदान ठरवण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा अवश्य पाहावा.

पंचवटीकर

३,२०० केव्हीच्या जवळची, माझ्याच पिनियनला बसणारी मोटर शोधतो आणि पट्टीसाठी सातपूरला जाऊन येतो. पहिली चाचणी कशी घ्यावी, एवढेच कृपया सांगावे.

इंदिरानगर

रोटरची पाती काढून ठेवा आणि पिनियन गिअरपासून दूर सरकवा, म्हणजे फक्त मोटर फिरेल. थ्रॉटलची वरची आणि खालची मर्यादा ई.एस.सी.ला नॅनोमार्फतच शिकवा, कारण उडताना ठोके त्याच्याकडूनच येणार आहेत. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करा. मग ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून मोटर थांबते का ते पाहा, आणि गेटवर लावलेली तार उपसूनही तेच पाहा. दोन्ही वेळा मोटर थांबली तरच पिनियन जागेवर आणा. पाती शेवटी आणि मैदानावरच चढवा, घरात नाही. पहिले उड्डाण जमिनीपासून हातभर उंचीवर, थोडाच वेळ करा आणि उतरवल्यावर मोटर व ई.एस.सी. या दोघांनाही बोट लावून पाहा. बोट टेकून ठेवता येत नसेल तर पुढचे उड्डाण करण्यापूर्वी गिअरची जुळणी पुन्हा तपासा.