वासोट्याची सहल: सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सचिव: सर्व सदस्यांना नमस्कार. यंदाच्या वार्षिक सहलीसाठी बहुतेकांनी सातारा जिल्ह्यातील वासोटा किल्ल्याच्या बाजूने कौल दिला आहे. २६ जानेवारीला जोडून सुट्टी येत असल्याने मोठी बस ठरवावी, किल्ल्याच्या पायथ्याशी तंबूत एक रात्र मुक्काम करावा आणि जेवणासाठी आपल्या नेहमीच्या आचाऱ्यांना सोबत न्यावे, असा प्रस्ताव आहे. हरकती व सूचना आज रात्रीपर्यंत कळवाव्यात.

बी-४०१: सचिवसाहेब, ठिकाणाला माझी हरकत नाही, मुहूर्त, मुक्काम आणि आचारी या तिन्हींना आहे. वासोटा कोयना अभयारण्याच्या आत आहे. हे अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले आणि २०१० पासून ते चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्यामुळे पायथ्याशी तंबू ठोकणे, चूल पेटवणे किंवा रात्री थांबणे यांपैकी काहीही चालत नाही. जलाशयाकाठच्या बामणोली गावी वन खात्याकडे ओळखपत्र दाखवून नावे नोंदवायची, शुल्क भरून परवाना घ्यायचा, बोटीने शिवसागर जलाशय ओलांडायचा, गड चढून उतरायचा आणि अंधार पडण्यापूर्वी त्याच बोटीने परत फिरायचे, एवढीच मुभा आहे. आचाऱ्यांची शेगडी आणि पातेली बामणोलीच्या पुढे जाणार नाहीत.

ए-२०२: काका, माझ्या ऑफिसमधल्या मंडळींनी तेथे तंबूत राहिल्याचे फोटो टाकले होते. मग ते विनापरवाना राहिले होते, असे समजायचे का?

बी-४०१: तसे नसावे. बामणोली आणि तापोळा या बाजूंना गावकरी आपल्या जागेत तंबूंची सोय करतात, आणि फोटोत मागे तेच पाणी व तेच डोंगर दिसत असल्यामुळे पाहणाऱ्याला ते जंगलातच राहिले असे वाटते. आपणही आदल्या रात्री तसेच राहावे. पिठलं-भाकरी आणि ठेचा गावातल्याच घरी सांगावा. आचारी नेण्याचा खर्च वाचेल आणि चार पैसे तेथील घरांत जातील.

सी-१०३: चढ कितपत आहे, हे कृपया स्पष्ट लिहावे. आमच्या सासूबाई उत्साहाने नाव देऊन बसल्या आहेत आणि ‘बोटीने जायचे आहे’ एवढेच त्यांनी ऐकले आहे.

बी-४०१: वहिनी, बोट तासा-दीड तासाने पायथ्याला लावते आणि खरे काम तेथून सुरू होते. ओढ्याजवळ मारुती आणि गणपतीच्या मूर्ती लागतात, त्यानंतर दाट झाडीतून सलग चढ आहे. वर पोहोचायला सवयीच्या माणसालाही दोन तास लागतात, लहान मुले आणि फोटो काढणारे सोबत असतील तर तीन धरावेत. सावली भरपूर आहे, त्यामुळे उन्हाचा त्रास शेवटच्या टप्प्यातच होतो. मात्र गुडघेदुखी असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये, कारण उतरताना पालापाचोळ्यावरून पाय घसरतो आणि मध्येच थांबून वाहन बोलावण्याचा प्रश्नच येत नाही. वर फोनला रेंजही धरून चालू नये. आजींसाठी बामणोलीहून त्रिवेणी संगम आणि दत्त मंदिराची बोटफेरी उत्तम राहील. येता-जाता कासचे पठार लागते, पण जानेवारीत तेथे फुले नसतात, तेव्हा त्या आशेवर कोणाला आणू नये.

ए-२०२: एवढे चढून वर पाहण्यासारखे काय आहे, हेही सांगावे. मुले विचारत आहेत.

बी-४०१: छप्पर नसलेले मारुतीचे मंदिर, महादेवाचे मंदिर, वाड्याची जोती आणि पाण्याची टाकी, एवढेच बांधकाम उरले आहे. परंतु बाबू कड्याच्या टोकाशी उभे राहिल्यावर सह्याद्री एकदम तुटून खाली कोकणात उतरलेला दिसतो, आणि पाठ फिरवली की शिवसागराचे निळे फाटे डोंगरांच्या घड्यांत शिरलेले दिसतात. एकाच जागेवरून घाट आणि कोकण दोन्ही असे उघडे पडणारी ठिकाणे फार नाहीत. कड्याला कठडा नाही, म्हणून मुलांचा हात सोडू नये. शिवाजी महाराजांनी हा गड १६६० मध्ये घेतला. पुढे पंतप्रतिनिधींच्या बाजूच्या ताई तेलिणीने तो पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याविरुद्ध लढवला आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. मुलांना ताई तेलिणीची गोष्ट आधी सांगून ठेवा, चढताना उपयोगी पडेल.

ए-६०५: मी सहसा ग्रुपवर लिहीत नाही, पण आमचे मूळ गाव जावळी तालुक्यातले आहे, म्हणून लिहितो. सगळे ज्याला शिवसागर म्हणत आहेत तो कोयना धरणाचा फुगवटा आहे. १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) या साठ्याखाली आमच्यासारख्यांची शेते आणि घरे गेली. काहींचे पुनर्वसन पार सोलापूर, रायगडपर्यंत झाले, तर आमचे वडील मुंबईत माथाडी कामाला लागले. पश्चिमेकडे बोगद्यातून पाणी कोकणातल्या पोफळीला सोडून वीज तयार होते, त्यामुळे उन्हाळ्याकडे पाणी ओसरत जाते आणि काठावरचा सुकलेला गाळ तुडवत बोट गाठावी लागते. जानेवारीत तो त्रास कमी असतो. माझी एकच विनंती आहे की, स्पीकर नेऊ नये. तेथे गवे आणि अस्वले आहेत, आणि मोठा आवाज न करणे हा नियमाचा तसेच शहाणपणाचाही भाग आहे.

बी-४०१: पूर्णपणे सहमत. आणखी एक गोष्ट. गडाच्या पायथ्याशी मेट इंदवलीच्या चौकीवर वनरक्षक पिशव्या उघडायला लावतात, पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांचे पुडे मोजून वहीत लिहितात व अनामत रक्कम घेतात. परतताना तेवढ्याच बाटल्या आणि रिकामी वेष्टने दाखवली तरच ती परत मिळते. माझ्यासमोर एका मोठ्या ग्रुपचा निम्मा तास वेफर्सची वेष्टने जुळवण्यात गेला आणि बोटवाला काठावरून हाका मारत राहिला. म्हणून प्रत्येकाने स्टीलची बाटली आणि डब्यात चपाती-भाजी न्यावी. २६ जानेवारीच्या गर्दीत परवान्याच्या रांगेतच सकाळ जाते, त्यामुळे जोडसुट्टी टाळून साधा शनिवार-रविवार धरावा. बोटीचे भाडे माणशी नसून पूर्ण बोटीचे असते, तेव्हा नक्की येणाऱ्यांचीच नावे घ्यावीत.

सी-१०३: सासूबाईंना सांगितले. त्या म्हणतात, दत्त मंदिर चालेल, पण बोट मोठी हवी.

सचिव: सर्वांच्या सूचना लक्षात घेऊन २६ जानेवारीचा बेत रद्द करत आहे. त्याआधीच्या शनिवार-रविवारी जाऊ. शुक्रवारी रात्री निघून शनिवारी बामणोलीला विश्रांती, बोटफेरी व मुक्काम, आणि रविवारी पहाटे वासोट्याचा गट वेगळा निघेल. गड चढणाऱ्यांनी ‘गड’ आणि बाकीच्यांनी ‘संगम’ असे लिहून, ओळखपत्राच्या छायाप्रतीसह आपली नावे गुरुवारपर्यंत कार्यालयात द्यावीत. आचाऱ्यांना दिलेली आगाऊ रक्कम हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमाकडे वळवण्यास कोणाची हरकत असल्यास तीही कळवावी.