मदत हवी आहे: दोन कोअरचा आय३ की चार कोअरचा आय५?

नमस्कार मंडळी,

आमचं लग्नपत्रिका आणि फ्लेक्स डिझाइनचं छोटंसं दुकान आहे. जुन्या मशीनवर कोरलड्रॉ उघडेपर्यंत चहा पिऊन होतो, म्हणून कुठल्याशा ऑफिसातून निघालेला सेकंडहँड डेस्कटॉप घ्यायचं ठरवलंय. इंटेल प्रोसेसरचे दोन समोर आहेत: आय३-४१३० (२ कोअर म्हणजे काम करणारे दोन भाग, वेग ३.४ गिगाहर्ट्झ) आणि आय५-४५७० (४ कोअर, ३.२ गिगाहर्ट्झ, टर्बोत म्हणजे गरजेला वाढून ३.६). दोन्हीत ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क.

विकणारा म्हणतो, "काका, दोन्ही सारखेच." विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून आय३चे चार आलेखही दाखवले. पण ते चार हायपर-थ्रेडिंगमुळे (एक कोअर दोन असल्यासारखा वापरायची सोय) दिसतात, खरे कोअर दोनच, एवढं मला कळतं. आय५ला हायपर-थ्रेडिंग नाही, पण चारही कोअर खरे.

माझं काम बहुतेक कोरल आणि फोटोशॉपचं. कोरल बऱ्याचदा एकाच कोअरवर राबतं असं ऐकलंय, मग जादा कोअर नुसते बसून राहणार का? भाचा मात्र लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. रेंडरिंगला (एडिट झाल्यावर तयार व्हिडिओ बनवायला) त्याला चार कोअरच हवेत, आणि त्याचं म्हणणं मला पटतं.

आय५ अडीच हजारांनी महाग आहे. आय३ घेऊन त्या वाचलेल्या पैशात एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी जास्त वेगवान डिस्क) बसवली तर रोजच्या कामाला जास्त फरक पडेल का? शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे दोन्हींवर चालत नाही, मग एवढ्या जुन्या पिढीत पैसे घालावेत तरी का?

असं काम करणाऱ्यांनी स्वतःचा अनुभव सांगावा. शनिवारपर्यंत विकणाऱ्याला कळवायचंय.