सायटेशन आणि रेफरन्स : दोन्हींना ‘संदर्भ’च म्हणायचं का?

प्रयोगवही
एका विज्ञान-नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचना मराठीत करते आहे. या वाक्यापाशी अडलं : ‘यादीतल्या प्रत्येक रेफरन्सचं लेखात सायटेशन हवं आणि लेखातल्या प्रत्येक सायटेशनचा रेफरन्स यादीत हवा.’ दोन्हींना ‘संदर्भ’ म्हटलं तर वाक्य कोसळतं. मजकुरात कंसात किंवा वर चढवून येणारी खूण (सायटेशन) ही एक गोष्ट. शेवटच्या यादीतली लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, खंड, पानं अशी पूर्ण नोंद (रेफरन्स) ही दुसरी. दुसरीला ‘संदर्भ’ रुळलेला आहे. पहिलीला काय? ‘उद्धरण’ सुचवलं गेलं, पण उद्धरण म्हणजे शब्दशः उचललेला उतारा. सायटेशनमध्ये बहुतेकदा एकही शब्द उचललेला नसतो.

टंकखिळा
‘संदर्भांक’ घ्या. छोटा आहे, कळतो.

प्रयोगवही
संदर्भ देण्याच्या व्हँकूव्हर पद्धतीत चालेल, तिथे मजकुरात अंक असतो. पण एपीए या दुसऱ्या पद्धतीत कंसात (रामन आणि कृष्णन, १९२८) असं येतं. तिथे अंक कुठे आहे?

सूचीकार
‘दाखला’. मजकुरात दाखला, शेवटी संदर्भसूची. ‘दाखला देणे’ हे क्रियापद तयार आहे, ‘इथे दाखला हवा’ असं परीक्षकही सहज लिहू शकतो. शब्द ‘दाखवणे’वरून आलेला, अस्सल मराठी.

मधुमालती
‘दाखवणे’शी त्याचा संबंध नाही. दाखवणे प्राकृतातल्या ‘दक्ख’कडून येतं. दाखला, दाखल, दखलपात्र ही सगळी अरबी धातूची लेकरं, मूळ अर्थ आत शिरणे. वहीत जे शिरलं, नोंदलं गेलं, तो दाखला. म्हणजे व्युत्पत्तीनेच जायचं तर दाखला यादीतल्या नोंदीला शोभतो, मजकुरातल्या खुणेला नाही.

आणि ‘संदर्भ’ पाहा. सम् अधिक दृभ्, दृभ् म्हणजे ओवणे, गुंफणे. जुन्या संस्कृतात संदर्भ म्हणजे गुंफलेली रचना, अख्खा ग्रंथसुद्धा. मजकुराचा धागा दुसऱ्याच्या कामात ओवणारी खूण हा खरा संदर्भ. आपण दोन्ही शब्द उलटे वापरतो आहोत.

सूचीकार
व्युत्पत्तीबद्दल तुमचं मान्य, मी दुरुस्त करून घेतो. पण व्युत्पत्तीने वापर ठरत नाही. मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी ‘संदर्भ’ असं लिहून ग्रंथ दिलेले आहेत. वाचकाची सवय तिथे घडली आहे, ती उलटवू नका.

सह्यकडा
दाखला म्हटलं की जन्माचा, जातीचा, शाळा सोडल्याचा. शास्त्रीय लेखनाला संस्कृतोद्भव शब्द हवा, कारण त्याला उपसर्ग-प्रत्यय लागून पुढची कुळी तयार होते. ‘निर्देश’ घ्या : निर्देशित, अनिर्देशित, निर्देशक्रम.

टंकखिळा
‘निर्देशक्रम’ ऐकून शोधनिबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला काहीही कळणार नाही. प्रयोगशाळेत सगळे ‘साइट कर’, ‘रेफरन्स टाक’ म्हणतात. सायटेशन तसंच ठेवा. ‘पेन्सिल’ला आपण शब्द शोधत बसलो नाही.

सह्यकडा
पेन्सिल ही वस्तू आहे. सायटेशन ही संकल्पना आहे, आणि संकल्पनेचा शब्द उसना घेतला की तिची समजही उसनी राहते.

प्रयोगवही
समजेचाच प्रश्न आहे. हे दोन वेगळे आहेत हे न कळल्यामुळे हस्तलिखितं परत येतात. व्हँकूव्हरमध्ये यादीचा क्रम वर्णानुक्रमाने लागत नाही. लेखात जे आधी आलं ते १. तोच संदर्भ पुन्हा आला तर जुनाच अंक. नवा अंक दिला की एकच नोंद यादीत दोनदा होते.

सर्वांत जास्त चूक तक्त्यांत होते. एखादा संदर्भ फक्त तक्ता २ मध्येच असेल, तर मजकुरात ‘तक्ता २’ हे शब्द जिथे पहिल्यांदा येतात त्या जागेप्रमाणे त्याला अंक मिळतो. पण हस्तलिखितात तक्ते शेवटी जोडलेले असतात, म्हणून झोटेरो (संदर्भ सांभाळणारी आणि अंक आपोआप घालणारी आज्ञावली) त्यांना शेवटचे अंक देतो. उपाय : तक्ता तात्पुरता त्या उल्लेखाच्या लगेच खाली आणा, क्रमांक ताजे करून घ्या, वेगळी प्रत काढा, त्या प्रतीत झोटेरोशी असलेले दुवे तोडून साधा मजकूर करा आणि मगच तक्ता शेवटी हलवा. आधी हलवला तर पुढच्या वेळी ताजं करताना सगळं परत विस्कटतं.

टंकखिळा
याला जोड : यादीत हाताने केलेली दुरुस्ती टिकत नाही, पुढच्या वेळी ताजं केलं की पुसली जाते. दुरुस्ती झोटेरोच्या संग्रहातल्या मूळ नोंदीत करा. आणि सहलेखकाने मध्येच हाताने [१२] लिहिलं असेल तर ते आज्ञावलीला दिसतच नाही. पुढे एक संदर्भ वाढला की बाकीचे सरकतात, तो १२ तिथेच राहतो आणि भलत्याच निबंधाकडे बोट दाखवतो.

मधुमालती
‘बोट दाखवतो’! मग निर्देशच झाला की. दिश् म्हणजे दाखवणेच.

सह्यकडा
तेच सांगतो आहे.

सूचीकार
‘एट अल.’चं काय करणार आहात? ‘आणि इतर’ म्हणाल तर ठीक. काही जण ‘प्रभृती’ लिहितात, तेही अर्थाने चुकीचं नाही : रामनप्रभृती म्हणजे रामन धरून बाकीचे.

प्रयोगवही
‘आणि इतर’ ठेवलं आहे. पण आकडे सोबत देणं भाग आहे, नाहीतर लोक मनाला येईल तिथे तोडतात. एपीएच्या सातव्या आवृत्तीत मजकुरात दोन लेखक असतील तर दोघांची नावं दरवेळी. तीन किंवा जास्त असतील तर पहिल्याच उल्लेखापासून एक नाव ‘आणि इतर’. यादीत मात्र २० पर्यंत सगळे. व्हँकूव्हरच्या यादीत साधारणपणे सहा नावं, मग ‘आणि इतर’. रामन-कृष्णन दोघेच, त्यामुळे ‘रामन आणि इतर’ कुठेच बसत नाही.

नमुना असा दिला आहे, व्हँकूव्हर : रामन सीव्ही, कृष्णन केएस. अ न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन. नेचर. १९२८;१२१:५०१-२.
एपीए : रामन, सी. व्ही., आणि कृष्णन, के. एस. (१९२८). अ न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन. नेचर, १२१, ५०१–५०२.

पहिल्यात आद्याक्षरांमध्ये टिंब नाही, जागा नाही, शेवटच्या पानाचा फक्त बदलणारा आकडा. दुसऱ्यात पानं पूर्ण, नियतकालिकाचं नाव आणि खंड तिरपे. ‘नेचर’ दोन्हीकडे अख्खं, कारण एकशब्दी नावाचं संक्षेपीकरण करत नाहीत. एपीएमध्ये शेवटी डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, दुव्याच्या रूपात) येतो. त्यानंतर पूर्णविराम देऊ नका, तो दुव्याला चिकटला की दुवा उघडत नाही.

मधुमालती
तुमच्या सूचनेत ‘आधी आडनाव’ असं आहे का? मग रामन हा वाईट नमुना आहे. ते आडनाव नाही. वडील चंद्रशेखर, त्यांचं स्वतःचं नाव वेंकटरामन. ‘सीव्ही’तला सी वडिलांचा, व्ही स्वतःच्या नावाचा पूर्वार्ध, आणि आपण ज्याला आडनाव म्हणतो तो उत्तरार्ध. दक्षिणेतल्या कित्येक लेखकांना त्या रकान्यात काय भरावं कळत नाही, आणि एकाच माणसाचे निबंध दोन नावांनी विखुरतात.

सूचीकार
‘आडनाव’ऐवजी ‘सूचीनाम’ लिहा. ज्या नावाने यादीत जागा मिळते ते.

टंकखिळा
पुन्हा नवा शब्द! ‘यादीत आधी येणारं नाव’ असं लिहायला काय हरकत आहे?

सह्यकडा
रकान्याच्या मथळ्यात चार शब्द बसत नाहीत. ‘सूचीनाम’ चांगला आहे. फक्त टोपणनावाने लिहिणाऱ्यांचं सूचीनाम कोणतं, हे आधी ठरवा.

प्रयोगवही
‘सूचीनाम’ घेते. पण मजकुरातल्या त्या खुणेला अजून शब्द नाही, आणि ते वाक्य अजून तसंच पडून आहे.

मधुमालती
टोपणनावाबद्दल : निबंधावर जे छापलं आहे तेच घ्यायचं, खरं नाव माहीत असलं तरी. वाचक छापलेल्या नावानेच शोधणार.