मदत हवी आहे: पब्लिकेशन प्लॅन पहिल्यांदाच माझ्या गळ्यात आलाय, क्लायंटला नाही कसं म्हणायचं?

नमस्कार मंडळी,
मी पुण्यात मेडकॉम्सच्या (औषध कंपन्यांसाठी वैद्यकीय लेखन करणाऱ्या) एका कंपनीत आहे, सहा वर्षं मेडिकल रायटिंग केलं, म्हणजे काय लिहायचं ते ठरून यायचं आणि मी मॅन्युस्क्रिप्ट लिहायचे. गेल्या महिन्यापासून डायबेटिसच्या एका औषधाचा अख्खा प्लॅन माझ्याकडे आलाय, फेज ३ (पेशंटवरची मोठी ट्रायल) संपलीय, आणि आता कुठला पेपर आधी, कुठल्या जर्नलला, कुठल्या कॉन्फरन्सला हे मी ठरवायचं.

दोन ठिकाणी अडलंय. क्लायंटच्या मार्केटिंगवाल्यांना सबग्रुपचा (ट्रायलमधल्या पेशंटच्या एका छोट्या गटाचा) पेपर आधी हवाय कारण त्यात आकडे छान दिसतायत. माझं म्हणणं, मुख्य रिझल्ट आधी यायलाच हवा, नाहीतर वाचणारा डॉक्टर त्या सबग्रुपला तोलणार कशाच्या आधारावर? शेवटी त्यावरून पेशंटला गोळी लिहून दिली जाणार आहे हो.

दुसरं, एका मोठ्या डॉक्टरांचं नाव ऑथर म्हणून घाला म्हणतायत, जे ट्रायलमध्ये कुठेच नव्हते. आयसीएमजेईच्या, म्हणजे मेडिकल जर्नलच्या संपादकांच्या समितीच्या, चारही अटी पूर्ण व्हाव्या लागतात, कामात खरा वाटा, लिखाणात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मंजुरी आणि जबाबदारी. नुसतं नाव म्हणजे सरळ गेस्ट ऑथरशिप. मी पूर्ण ड्राफ्ट लिहिते तरी माझं नाव आभारात जातं, पैसे कुणी दिले त्यासकट, आणि ते मला बरोबरच वाटतं.

हे सगळं मला कळतं, पण मीटिंगमध्ये तोंडातून निघत नाही. तुम्ही कसं बोलता? आणि सीएमपीपी (मेडिकल पब्लिकेशनवाल्यांचं सर्टिफिकेट) परीक्षेचा अशा वेळी उपयोग होतो का?

उत्तर १:
ताई, नियम सांगू नका, क्लायंटचं नुकसान सांगा. ट्रायल रजिस्टर्ड आहे, प्रायमरी एंडपॉइंट (आधीच ठरवलेलं मुख्य मोजमाप) कुणीही उघडून बघू शकतं, सबग्रुप आधी पाठवला तर एडिटर पहिला प्रश्न तोच विचारणार. घाई असेल तर मुख्य रिझल्टचा ॲबस्ट्रॅक्ट कॉन्फरन्सला द्या, तो डुप्लिकेट पब्लिकेशन धरत नाहीत, आणि मॅन्युस्क्रिप्ट तोवर तयार ठेवा. ऑथरचा निर्णय तुम्ही एकट्या घेऊच नका, इन्व्हेस्टिगेटर्सना (ट्रायल करणाऱ्या डॉक्टरांना) घेऊन स्टीअरिंग कमिटी करा, आणि पहिला ड्राफ्ट सुरू व्हायच्या आत ऑथर ॲग्रीमेंट लेखी घ्या. जीपीपी २०२२ (कंपन्यांच्या संशोधनाच्या पब्लिकेशनसाठीची मार्गदर्शक तत्त्वं) सोबत ठेवा. परीक्षा नंतर द्या, आधी ही कमिटी.

मूळ धागाकर्ती:
खूप आभार दादा. गुरुवारी मीटिंग आहे, कमिटीचा विषय पहिलाच घेते. पण प्रोटोकॉल लिहिणारे स्टॅटिस्टिशियन कमिटीत घ्यायचे का, की फक्त डॉक्टर?