‘कात’ म्हणजे त्वचेचा नेमका कोणता थर?

(लिहिणाऱ्यांची ओळख त्यांच्या गोव्यातील गावाच्या नावाने दिली आहे.)

फोंडा : पावसाळ्यात खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीतल्या, चिखलात तासन्‌तास उभे राहून काम करणाऱ्यांसाठी पायांच्या निगेविषयी मी मराठी पत्रक लिहीत आहे. त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर पाणी पिऊन फुगतो, पांढरा पडतो आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, हे सांगताना मी त्या थराला ‘कात’ म्हटले. शेजारच्या बाईंनी हरकत घेतली, कारण कोकणीत ‘कात’ म्हणजे अख्खी त्वचा. ‘शृंगी स्तर’ हे त्या थराचे शास्त्रीय नाव लिहिले तर वाचणारा तिथेच थांबेल. काय लिहावे?

म्हापसा : ‘कात’च ठेवावे. साप टाकतो ती कात बाह्यत्वचेचीच, म्हणजे त्वचेच्या वरच्या भागाचीच, असते आणि आपलीही तीच झडत असते. तळाशी तयार झालेली पेशी साधारण 4 आठवड्यांत वर येऊन गळून पडते. मूळ शब्द माझ्या मते ‘कृत्ति’. गजचर्म पांघरणारा शंकर तो कृत्तिवास. म्हणजे कोकणीने जुना, व्यापक अर्थ जपला आणि मराठीने तो सापापुरता आखडता घेतला.

डिचोली : आरोग्याच्या लेखनात अशी ढिलाई मला मान्य नाही. सुश्रुताने त्वचेचे 7 थर नावानिशी सांगितले, पहिल्या ‘अवभासिनी’ची जाडी व्रीहीच्या, म्हणजे भाताच्या दाण्याच्या, 18 व्या भागाइतकी दिली, एवढी काटेकोर परंपरा असताना सापाचा शब्द माणसाला कशासाठी लावायचा?

काणकोण : पत्रक शेतात वाचले जाणार आहे, पाठशाळेत नव्हे. खरचटले आणि रक्त आले नाही तर आपण ‘नुसती साल गेली’ म्हणतो, आणि ते शास्त्रालाही धरून आहे, कारण बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतातच. त्या, घर्मग्रंथी आणि केसांची मुळे खालच्या थरात असतात. त्या थराला मात्र ‘चर्म’ म्हणावे. कातडे कमावताना केस आणि बाह्यत्वचा काढून टाकल्यावर जे उरते ते तेच.

डिचोली : मग ‘चर्मरोग’ या शब्दाचे काय करणार? खरजेचा किडा बाह्यत्वचेतच बिळे करतो. आपल्या व्याख्येप्रमाणे खरूज चर्मरोग ठरणारच नाही.

म्हापसा : ‘त्वचारोग’ हा शब्द आहेच, परंतु गावात ‘चर्मरोग’च रुळलेला आहे आणि रुळलेला शब्द व्याख्येसाठी मोडू नये.

डिचोली : रुळला म्हणून तो बरोबर ठरत नाही.